गाडीचा जाम झालेला बोल्ट घरी कसा सोडवायचा? पान्याला पाईप लावून जोर लावला तर चालेल का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: पुढच्या ब्रेक डिस्क घरीच बदलायला घेतल्यात, कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) निघालंय, पण ते ज्या ब्रॅकेटवर बसतं त्याच्या दोन बोल्टांपैकी एक जागचा हलत नाही आणि दुसऱ्याच्या डोक्याचे कोपरे घासायला लागलेत. आता पान्याला लांब पाईप घालून एकदाच जोर लावावा का, असं विचारताय.

आज लावू नका. पाईपला माझा विरोध नाही, मीही वापरतो. पण त्याची पाळी बरीच नंतर येते. जाम बोल्टाशी ताकदीने भांडायला गेलं की बहुतेक वेळा बोल्टच तुटतो, आणि तुटलेला बोल्ट काढणं हे आत्ताच्या कामापेक्षा कितीतरी किचकट काम आहे.

सगळ्यात आधी दिशा तपासा. इथे भले भले फसतात म्हणून सांगतोय. ब्रॅकेटचे बोल्ट बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूने लागलेले असतात आणि आपण बसलेलो असतो बाहेर, चाकाच्या बाजूला. वाकून मागे हात घातला की सोडायची दिशा नजरेला उलटी दिसते. आधीच गंजलेला बोल्ट माणूस जीव तोडून आणखी आवळत बसतो. मनातल्या मनात बोल्टाच्या डोक्यासमोर जा, आणि तिथून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचंय हे नक्की करा.

मग सॉकेट, म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर बसणारी पान्याची वाटी, बघा. तुमच्याकडचा बारा कोनी असेल तर तो बाजूला ठेवा. बारा कोनी सॉकेट डोक्याला कोपऱ्यांपाशी धरतो, सहा कोनी सपाट बाजूंवर बसतो. हलक्या कामात फरक कळत नाही, पण इथे तोच फरक कोपरे खातो. डोक्यावरची गंजाची पापडी तारेच्या ब्रशने पूर्ण काढा, सॉकेट हातोडीने हलकेच ठोकून तळापर्यंत बसवा. अर्धवट बसलेला सॉकेट तिरका होतो आणि घसरतो. तुमच्या दुसऱ्या बोल्टाचं बहुधा असंच झालंय.

आता मुख्य मुद्दा, बोल्ट धरतो कुठे. बोल्ट आवळताना आपण लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच प्रत्यक्ष पकडीत जातो. बाकी सगळा घर्षणात जातो, त्यातला मोठा भाग डोक्याखाली आणि उरलेला आट्यांत. त्यात गंजाची भर पडते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आट्यांमधली बारीकशी फटही ठासून भरली जाते. नकल, म्हणजे हे बोल्ट ज्यात आवळलेले असतात तो चाकामागचा भाग, ॲल्युमिनियमचा असेल तर दोन धातू एकमेकांना लागून ओलावा मिळाल्यावर पांढरी भुकटी तयार होते, आणि तीसुद्धा तितकीच घट्ट धरते. म्हणून तेल घालताना फक्त डोक्यावर फवारून भागत नाही. डोक्याखालच्या कडेला चहूबाजूंनी घाला आणि पलीकडच्या टोकालाही घाला. बऱ्याच गाड्यांत या बोल्टाचं टोक आरपार बाहेर आलेलं असतं. त्या उघड्या आट्यांवरचा गंज ब्रशने खरवडून काढणं मला तेलाइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण बोल्ट सुटताना तेच गंजलेले आटे आतल्या चांगल्या आट्यांमधून ओढले जाणार असतात. सुरुवातीला सुटलेला बोल्ट अर्ध्यावर येऊन पुन्हा अडकतो तो यामुळेच.

तेल पेनेट्रेटिंग ऑइल म्हणून मिळतं ते घ्या. नेहमीचं डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं आहे, नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थच वॉटर डिस्प्लेसमेंट. दुसरं काही नसेल तर तेही चालेल, पण आट्यांत खोल झिरपणारं तेल वेगळं. घाला, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा घाला. अधूनमधून बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे सरळ, नेमके ठोके द्या. फार जोरात नकोत, पण खणखणीत हवेत. त्या हादऱ्याने डोक्याखालची पकड मोडते आणि गंजाला बारीक तडे जाऊन तेलाला वाट मिळते. डिस्कवर तेल उडू नये म्हणून कापड टाका. जुनी डिस्क जाणारच असली तरी नव्या डिस्कवर आणि पॅडवर तेलाचा हात लागता कामा नये. तेल प्यायलेलं पॅड फेकूनच द्यावं लागतं.

एवढं झाल्यावर जोराकडे या. आधी बोल्ट किंचित आवळून बघा, मग सोडा. आवळण्याच्या दिशेने केसभर जरी हलला तरी गंजाची पकड मोडली असं समजा. टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, यासाठी वापरू नका, त्याचं मोजमाप बिघडू शकतं. ब्रेकर बार, म्हणजे लांब दांड्याचा मजबूत पाना, लावा, नाही तर मजबूत पान्याला पाईप. संथ दाबण्यापेक्षा छोटे हिसके चांगले. इम्पॅक्ट रेंच असेल तर उत्तमच, त्याचं कामच हिसक्यांवर चालतं, फक्त त्याला इम्पॅक्टचाच सॉकेट लावा. साधा सॉकेट तडकून तुकडे उडू शकतात. गाडी नुसत्या जॅकवर असेल तर मात्र कशालाही हात लावू नका. स्टँड हवेतच, कारण हिसक्याने गाडीही हलते.

लांब पाईपचा हिशोब एकदा करून बघा. एक मीटर लांबीच्या पाईपच्या टोकाला १० किलोचा भार दिला की बोल्टावर साधारण १०० न्यूटन-मीटर (पिळाचा जोर मोजायचं एकक) पडतात. बऱ्याच छोट्या गाड्यांचे हे बोल्ट आवळतात तेच मुळी याच्या आसपास. त्याच पाईपवर ६० किलोचा माणूस अंगाचा भार टाकून लोंबकळला तर सुमारे ६०० होतात, आणि १२ मिमीचा बोल्ट त्याच्या कितीतरी आधी पिळून तुटतो. म्हणजे पाईप हातात असला की आपण बोल्ट तोडण्याइतके ताकदवान होतो, आणि ते कळायला हाताशिवाय दुसरं साधन नसतं.

तेव्हा हाताकडे लक्ष द्या. माझ्या मते या सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. सुटणारा बोल्ट आवाज करून सुटतो. ‘कट्ट’ असा कोरडा आवाज येतो, पाना एकदम थोडासा पुढे जातो, डोक्याखालून तपकिरी भुकटीची रेघ पडते आणि पुढचा जोर आधीपेक्षा कमी लागतो. तुटणारा बोल्ट गप्प असतो. पाना फिरतोय असं वाटतं, पण हलका होत नाही. ओढलं की मऊ लागतं, जोर सोडला की पाना थोडा मागे येतो. ते आटे फिरत नसतात, बोल्टाचा दांडा पिळला जात असतो. असं जाणवलं की त्याच क्षणी थांबायचं. डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर खडूने एक सरळ रेघ मारून ठेवली तर मदत होते. जोर सोडल्यावर रेघ पुन्हा जुळली तर बोल्ट सुटलेला नाही.

सुटून दोन फेऱ्या आल्यावर पुन्हा जड झाला तर ओढत राहू नका. अर्धी फेरी परत आत न्या, तेल घाला, मग एक फेरी बाहेर. असं पुढेमागे करत आणलं की अडकलेली भुकटी मोकळी होते. कंटाळवाणं आहे, पण आटे वाचतात.

तरी हलला नाही तर उष्णता. काही गाड्यांत हे बोल्ट थ्रेडलॉकर, म्हणजे आटे घट्ट चिकटवणारा द्रव, लावून बसवलेले असतात, आणि लाल रंगाचं पक्कं थ्रेडलॉकर सैल व्हायला साधारण २५० अंश सेल्सिअस लागतात. तिथे तेल कितीही ओतलं तरी उपयोग नाही. उष्णता बोल्टाला नाही, त्याच्या भोवतालच्या धातूला द्या, म्हणजे भोक फुगेल. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे तिथे कमी उष्णतेतही काम होतं, मात्र ते लाल न होता थेट वितळतं, तेव्हा जपून. पण तुमचं काम ब्रेकपाशी आहे. रबरी होज, एबीएस सेन्सरची वायर, बॉल जॉइंटचं बूट, सगळं वीतभर अंतरावर. तेलही पेटतं. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर तर ज्योत अजिबात नेऊ नका. क्लोरीनवाला क्लीनर तापला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो, आणि बिनक्लोरीनचा स्वतःच ज्वालाग्राही असतो. ज्योतीशिवाय धातू तापवणारा इंडक्शन हीटर मिळाला तर बघा, नाहीतर माझं स्पष्ट मत असं की गॅस टॉर्चचं काम पहिल्यांदा ब्रेकवर शिकू नये.

घासलेल्या डोक्याच्या बोल्टासाठी वेगळा इलाज. थोडा लहान सहा कोनी सॉकेट हातोडीने ठोकून बसवतात. १३ मिमीचं डोकं असेल तर अर्ध्या इंचाचा सॉकेट, म्हणजे १२.७ मिमीचा, घट्ट बसतो. त्याहून चांगले म्हणजे आतून पीळदार दाते असलेले एक्स्ट्रॅक्टर सॉकेट. सोडताना जितका जोर लावाल तितके ते डोक्यात रुततात. व्हाइस ग्रिप (आवळून लॉक होणारी पक्कड) इथे चालत नाही, ते उरलेले कोपरेही खाईल.

आणि तुटलाच तर? थोडा दांडा बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करून काढणं हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. वेल्डिंगची उष्णताही आपलं काम करते. आत तुटला असेल तर भोकात ठोकायचा एक्स्ट्रॅक्टर मी घरच्या माणसाला सुचवणार नाही. तो कडक पोलादाचा असतो, आत मोडला तर साधं ड्रिल त्यावर चालत नाही. त्या टप्प्याला नकल सोडवून वर्कशॉपमध्ये द्या.

बोल्ट निघाल्यावर भोकातले आटे टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून किंवा ब्रशने साफ करा. घासलेला बोल्ट परत लावू नका. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीचा आकडा असतो, नवा बोल्ट त्याच आकड्याचा, त्याच लांबीचा आणि त्याच आट्यांचा घ्या. मॅन्युअलमध्ये थ्रेडलॉकर सांगितलं असेल तर ते लावा, कोरडा म्हटलं असेल तर कोरडाच. तेलकट आटे असले की त्याच टॉर्कला पकड जास्त येते आणि आकड्याला अर्थ उरत नाही. आवळताना मात्र टॉर्क रेंचच. हे दोन्ही नवे बोल्ट आधी आणून हाताशी ठेवा आणि मगच पुढचा जोर लावा, म्हणजे ‘हाच चालवून घेऊ’ असं म्हणायची वेळ येणार नाही.