डबा कशासाठी नेतो

चि. बाळास, सप्रेम सलाम.

खालच्या मजल्यावरच्या सोमाली बाळंतिणीला आपण डबा दिला, त्या रात्री तू विचारलंस, "आई, त्यांनी ख्रिस्ती व्हावं म्हणून करतेस का हे?" शाळेत कुणीतरी तसं बोललं असणार. मी "नाही गं" म्हणाले खरी, पण प्रश्न लागला. एवढ्या उत्तरावर तो मिटणाराही नाही, म्हणून लिहिते आहे. पटलं नाही तर तसं सांग.

नगरला आमच्या लहानपणी हे कुणी बसवून शिकवलं नाही. आजीच्या ओट्याशी पत्र्याचा डबा असायचा, तू पाहिलायस तो. भात टाकताना एक मूठ तांदूळ आधी त्यात, मग घरच्यांचं माप. हा क्रम कधी उलटा व्हायचा नाही आणि उरलंसुरलं त्यात जायचं नाही. मूठ तीस-पस्तीस ग्रॅमची धरली तर महिन्याला किलोभर तांदूळ होतो. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं की टोके पडत, म्हणून तळाशी कडुलिंबाचा वाळलेला पाला. महिन्यातून एकदा तो डबा देवळात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, जायचा. धान्य पुढे कुणाला द्यायचं ते पाळकसाहेब आणि महिला मंडळ ठरवत, पण उपासनेत त्या घराचं नाव कधी घेत नसत. सुगीच्या सणाला भोपळे, अंडी, कोंबड्या यांचा लिलाव व्हायचा आणि मेथीच्या एका जुडीसाठी मोठी माणसं इरेला पेटायची, कारण पैसा गरजूंच्या पेटीत जायचा.

मोठी मावशी मंडळातल्या बायकांबरोबर दवाखान्यात जायची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची चुणी सरळ करायची, टाचा आणि माकडहाड बघायचं. लाल झालेली कातडी बोटानं दाबल्यावर पांढरी पडत नसेल तर जखमेची सुरुवात झालीच समजायची. त्या जागेवर चोळायचं मुळीच नाही, तिच्यावरचा भार काढायचा. हे सगळं तिला नर्ससारखं येत होतं. आणि निघताना प्रार्थना. ती मात्र दर वेळी विचारून होत नसे. तिच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण खाटेवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही, नुकतंच ज्यांनी अंग पुसलं त्यांना "नको" म्हणणं त्याला किती जड जात असेल, असं आता वाटतं.

तुझा प्रश्न तसा जुनाच आहे. 1876-78 च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात पुष्कळ कुटुंबं ख्रिस्ती झाली, बहुतेक महार-मांग समाजातली. धान्यासाठी धर्म बदलला असं तेव्हाही लोक म्हणाले. प्रत्येक जण केवळ विश्वासानं आला असं मी म्हणणार नाही. पण ज्यांना गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते, त्यांना कुणीतरी शाळेत बसवलं, हाताला हात लावला, ते फक्त पोटापाण्याचं होतं असंही मला म्हणवत नाही. आपण त्या घेणाऱ्यांच्या घरातले आहोत, हे लक्षात ठेव.

म्हणून मला जामखेड फार जवळचं वाटतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, 1970 मध्ये नगर जिल्ह्यातल्या त्या कोरड्या तालुक्यात आले. गावात राहायला नर्सबाई टिकेनात, तेव्हा त्यांनी गावांनाच आपापली एक बाई निवडायला सांगितलं. बहुतेक जणी निरक्षर, पुष्कळशा दलित, आणि ख्रिस्ती तर फारच थोड्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात जाऊन बाळंतपणं करायच्या. दुष्काळात बोअर घेतले तेव्हा हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसवले. पाणी हवं तर सवर्णांना तिथे यावं लागे. अस्पृश्यतेवर शंभर भाषणं दिली असती तरी एवढं काम झालं नसतं, असं माझं मत आहे. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे मिळाला.

तिथल्या बायका जुलाब झालेल्या लेकरासाठी घरोघरी साखर-मिठाचं पाणी शिकवायच्या. तुलाही यायला हवं: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि शीग काढून. मीठ जास्त झालं तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. चाखून बघायचं, आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं. चमच्या-चमच्यानं पाजायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. चोवीस तासांनी नवं करायचं. माया आहे पण माप ठाऊक नाही, अशी मदत मला धोक्याचीच वाटते.

आपल्या डब्याचंही तसंच. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, सहा वाट्या पाणी, हळद, हिंग, बेतानं मीठ, वरून चमचाभर तूप. मांस घालत नाही, कारण त्यांना हलाल लागतं आणि ते विचारायला त्यांना अवघड वाटू नये. दाण्याचा कूट तर नाहीच, इथे कितीतरी मुलांना शेंगदाणा चालत नाही. काय काय घातलंय ते झाकणावर लिहायचं. भात ओट्यावर तसाच राहू द्यायचा नाही, तासाभरात निववून फ्रिजमध्ये, नाहीतर गरम केला तरी पोट बिघडवतो. नगरला स्टीलचा डबा रिकामा परत करत नसत, निदान चिमूटभर साखर तरी घालून देत. इथे मी मुद्दाम फेकून देण्याजोगा डबा देते, ओल्या बाळंतिणीवर परतफेडीचं ओझं कशाला. "काही लागलं तर सांगा" म्हटलं की कुणीच सांगत नाही, म्हणून "मंगळवारी सहाला आणू का?" असं विचारते. दारातच द्यायचं, आत बोलावलं तरी पाच मिनिटांत निघायचं.

पहिल्या आठवड्यात सगळे येतात. खरी गरज तिसऱ्या आठवड्यात लागते, पाहुणे गेलेले असतात, नवरा कामावर जायला लागतो. म्हणून आपला डबा अजून चालू आहे. प्रार्थना मी घरी करते. त्यांनी आपणहून म्हटलं तरच त्यांच्यासमोर करीन. दर रविवारी पुढच्या आठवड्याचं विचारते, म्हणजे नको असेल तेव्हा त्यांना सहज "पुरे" म्हणता येईल. तुला मंगळवारी माझ्याबरोबर यावंसं वाटलं तर ये. नाही आलीस तरी मी काही म्हणणार नाही.

तुझी
आई