नदीकाठच्या दरडीतले राघू

प्रश्न : झांबियातील दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात किरमिजी राघू (पोपट नव्हे, तर वेड्या राघूच्या कुळातले ‘कार्माइन बी-ईटर’ पक्षी) तिथल्या, नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या पावसाळ्यापूर्वीच नदीकाठी घरटी का करतात?

उत्तर : आपल्याकडील वेड्या राघूप्रमाणेच हे पक्षीही मातीत बीळ खोदून अंडी घालतात. लुआंग्वा नदी दर पावसाळ्यात काठ कापत वळणे बदलते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पाणी ओसरले, की उघड्या पडलेल्या उभ्या दरडींमध्ये त्यांना मीटर-दीड मीटर लांबीची बिळे कोरता येतात, जिथवर पोहोचणे बहुतेक शिकारी प्राण्यांना अवघड जाते. पूर येण्यापूर्वी पिल्ले उडाली पाहिजेत, हे या घाईचे खरे कारण आहे. याच सुमारास नदीने सोडून दिलेल्या जुन्या वळणांतील तळी आटू लागतात आणि अडकलेल्या माशांसाठी करकोचे व बगळे तेथे गर्दी करतात. नदीचे हे भटकणे बंधाऱ्यांनी थांबवले, तर राघूंना ताज्या दरडी मिळणे कठीण होईल, असे मला वाटते.