पॉडकास्ट शिकायचाय, हातात फक्त मोबाईल आहे, आधी कॅमेरा घेऊ का माईक? आणि लोक शेवटपर्यंत ऐकतील असं कसं करायचं?

माईक घ्या, डोळे झाकून घ्या. मी सांगलीत असतो, इथल्या आसपासच्या कारागिरांच्या मुलाखती रेकॉर्ड करतो, आणि बघत आलोय की चित्र जरा डावं असलं तरी लोक चालवून घेतात पण आवाज घुमायला लागला की लगेच पुढं सरकतात. कॉलरला लावायचा वायरवाला माईक सुरवातीला बास झाला, तो हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावा, आणि खोली निवडताना गादी, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली निवडा कारण नुसत्या फरशीच्या मोकळ्या हॉलमध्ये कितीही भारी माईक लावला तरी घुमणारच. फॅन बंद, मोबाईल एअरप्लेन मोडवर. रेकॉर्डिंग ॲपमधली आवाजाची लेव्हल मायनस १२ ते मायनस ६ डेसिबलच्या मधे खेळू दे, लाल पट्टीत गेलेला आवाज फाटतो आणि मग काही केल्या धड होत नाही. बोलायला लागायच्या आधी अर्धा मिनिट सगळे गप्प बसा आणि ती शांतता पण रेकॉर्ड करा, ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात नॉइज रिडक्शन म्हणजे मागची खरखर कमी करताना हाच तुकडा नमुना म्हणून द्यायचा असतो.

व्हिडिओसाठी मोबाईल चालतो. पाहुण्याचं तोंड खिडकीकडं ठेवा, पाठ नको. आवाज वेगळ्या मोबाईलवर घेत असाल तर सुरवातीला एक टाळी वाजवा, एडिटिंगला बसल्यावर आवाजाच्या पट्टीवर टाळीचा उंच आलेला दांडा दोन्हीकडं जुळवला की ओठ आणि आवाज बरोबर बसतात.

आता खरं कामाचं, ते म्हणजे प्रश्न. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या माणसासमोर बसून तुम्ही 'काका, तुमचा प्रवास सांगा' म्हणालात की ते पिढ्यान्‌पिढ्यांचं पाठ झालेलं सांगतात, प्रत्येक चॅनेलला तेच सांगितलेलं असतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हे इंट्रोत एका वाक्यात उरकायचं. त्याऐवजी विचारा, 'काका, जवारी लागली हे तुम्हाला कळतं कसं?' जवारी म्हणजे तारेचा तो भरीव, गुंजणारा नाद. बघा काय होतं. हातातली कानस खाली ठेवतात, घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली दोरा घालतात, एका हातानं तार छेडत दुसऱ्या हातानं दोरा केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी आवाज असा उघडतो की खोली भरून जाते, मग तुमच्याकडं बघून म्हणतात, 'हां, आत्ता.' त्यावेळी तुम्ही 'अरे वा', 'क्या बात है' असलं काही बोलायचं नाही. मान हलवा. तार पूर्ण विझू दे, कारण तुमचा शब्द त्यावर पडला की तो नंतर काढता येत नाही. एपिसोडची सुरवात याच तुकड्यानं करा, नाव, गाव, स्वागत सगळं त्याच्यानंतर.

आणि अर्धे लोक मोबाईल खिशात घालून नुसते ऐकतात, त्यांना तो दोरा दिसत नाही, म्हणून आधीच तोंडानं सांगा, 'काका आता तारेखाली दोरा घालतायत'. लई जण हे विसरतात.

एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन पुरतं. अं-अं सगळे कापू नका, माणूस यंत्रासारखा वाटतो, पण एकच गोष्ट दोनदा आली असेल तर एक बिनधास्त उडवा, तिथं माया नको. मागं सिनेमातलं गाणं लावू नका, कॉपीराइट येतो. एक्सपोर्ट करताना लाउडनेस म्हणजे एकूण आवाजाची पातळी मायनस १६ लफ्सच्या (LUFS, ही पातळी मोजायचं एकक) आसपास ठेवा, ॲपल पॉडकास्ट तेच सांगतं. टाकायच्या आधी साधे इअरफोन घालून सांगली-विटा एसटीत एकदा पूर्ण ऐका, गाडीच्या आवाजात पाहुणा कळत नसेल तर त्याचा आवाज वाढवा आणि परत एक्सपोर्ट मारा.