वीक म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: मुलगा अकरावी सायन्सला आहे, पुस्तकात वीक ॲसिड, वीक फोर्स असलं काय काय येतं, मी आपली अशक्त अशक्त सांगत बसते आणि तो हसतो. नक्की अर्थ काय घ्यायचा?

उत्तर: हसू दे हो ताई, आजारपणात अशक्तच बरोबर. पण चहा वीक असला की आपण पाणचट म्हणतो, पोरगं गणितात वीक असलं की कच्चं, रुपया वीक झाला की घसरला, म्हणजे आपल्याकडे दरवेळी वेगळा शब्द आणि इंग्रजी बिचारी एकावरच भागवते. ॲसिडची गंमत वेगळीच, तिथे वीक म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं नव्हे, तर पाण्यात ज्याचे थोडेच रेणू फुटून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, होतात ते. व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड तसलं. पण हायड्रोफ्लोरिकसुद्धा वीकच, आणि ते काच खातं! तेव्हा नावावर जाऊन हात लावू नका. इंग्रजी व्याकरणात भूतकाळाला नुसतं शेपूट जोडणारं वॉक-वॉक्ड हे क्रियापद वीक, आतला स्वर बदलणारं सिंग-सँग स्ट्राँग, ही नावं परीकथावाल्या ग्रिम बंधूंतल्या थोरल्या याकोबची. आणि वीक फोर्स, म्हणजे अणूच्या गाभ्यात चालणारं निसर्गाचं एक मूलभूत बल, नसता तर सूर्यात हायड्रोजनचं हीलियम व्हायला सुरुवातच झाली नसती, हे चिरंजीवांना ऐकवा.