हँडीकॅम घेताना झूम नंतर बघा, आधी चित्रीकरण बाहेर कसं येतं ते विचारा

‘कोणता हँडीकॅम घेऊ?’ ही तुमची पोस्ट दोनदा वाचली. बजेट २५ हजार, मुलीचं भरतनाट्यम, सासऱ्यांचं भजनी मंडळ, घरचा गणपती, आणि हे सगळं घरच्याच ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एडिट करायचंय. समोर पर्याय तीन: शेजारच्या काकांचा टेपवाला कॅमेरा फुकट, ओळखीतल्या एकांचा आतल्या मेमरीवर रेकॉर्ड करणारा सेकंडहँड, आणि अमेरिकेतले दीर येताना नवा आणतील तो. दुसऱ्या पर्यायात तुम्ही सहज लिहून गेलात की ‘यूएसबीचं पोर्ट जरा ढिलं आहे, पण सर्व्हिस सेंटरला करून मिळेल म्हणतात’. त्या एका वाक्यासाठी हे एवढं लांबलचक लिहितोय.

ऑप्टिकल आणि डिजिटल झूममधला फरक, फुल एचडी म्हणजे काय वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. मी धंद्याने फोटोग्राफर नाही, घरगुती हौस. त्यामुळे कुणा जाणकाराचं मत वेगळं असेल तर त्यांचं आधी ऐका.

टेपवाल्याचं आधी संपवतो. काकांचा कॅमेरा मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल टेपवर रेकॉर्ड करणारा असणार. चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेल, म्हणजे आजच्या टीव्हीवर मऊ दिसेल. पण एडिटिंगला हा प्रकार फार गुणी. प्रत्येक फ्रेम (व्हिडिओतलं एकेक चित्र) स्वतंत्रपणे साठवलेली, तासाला सुमारे १३ जीबी, त्यामुळे जुनाट संगणकसुद्धा न कुरकुरता कापतो. अडतं ते टेपवरून बाहेर काढताना. त्याला फायरवायर नावाचं जुन्या प्रकारचं पोर्ट लागतं (सोनीच्या कॅमेऱ्यावर त्यालाच आय-लिंक लिहिलेलं असतं) आणि ते तुमच्या लॅपटॉपला नसणार. कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक दिसलं तरी हुरळून जाऊ नका, बऱ्याच मॉडेलांत ते फक्त फोटोंसाठी असतं. डेस्कटॉपमध्ये फायरवायरचं कार्ड घालून जमतं, पण मॅकवर २०२५ च्या टाहो या मॅकओएस आवृत्तीपासून ॲपलने फायरवायरचा आधारच काढून टाकला. शिवाय एक तासाची टेप उतरवायला एक तासच लागतो. काकांकडे त्यांच्या स्वतःच्या टेपा पडून असतील तर पावसाळ्यात बुरशी धरण्याआधी त्या उतरवून द्या, पुण्य लागेल. नवीन चित्रीकरणासाठी मात्र नको.

आता तो दुसरा, आतल्या मेमरीवाला.

माझ्याकडे असाच एक होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की चर्चा भलतीकडे जाते आणि मुद्दा राहतो बाजूला. वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा अख्खा कार्यक्रम त्याच्यावर होता. चित्रीकरण कॅमेऱ्याच्या पडद्यावर व्यवस्थित दिसत होतं, आवाज येत होता, पण यूएसबी पोर्ट ढिलं झाल्यामुळे संगणकाला कॅमेरा दिसेना. म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटर. काउंटरवर स्पष्ट सांगितलं की आत घरचा कार्यक्रम आहे, तो कुठेही कॉपी केलेला नाही, पोर्ट हवंय ते त्याचसाठी. समोरच्याने मान हलवली आणि जॉबशीटवर (दुरुस्तीच्या कामाच्या कागदावर) ‘यूएसबी नॉट वर्किंग’ एवढंच खरडलं. मेमरीबद्दल एक अक्षर नाही. लिहा म्हटलं तर म्हणाला, ‘सर, नुसतं पोर्टचं काम आहे, डेटाला कोण हात लावतंय?’

मग नेहमीचं पुराण. पार्ट मुंबईहून येणार, मुंबईचा येतोय, आला पण चुकीचा आला. फोन उचलणारा दर वेळी नवा, त्यामुळे दर वेळी कथा पहिल्यापासून. शेवटी कॅमेरा हातात आला तेव्हा पोर्ट ठणठणीत होतं आणि आत एकही क्लिप नव्हती. पोर्ट मुख्य बोर्डावरच बसवलेलं असतं, म्हणून त्यांनी अख्खा बोर्ड बदलला होता. आणि आतली मेमरी त्याच बोर्डावर डाखलेली. म्हणजे पुसलं नाही, फॉरमॅट केलं नाही, वडिलांचा कार्यक्रम बोर्डासकट काढून ठेवला.

मी म्हटलं ठीक आहे, जुना बोर्ड द्या, डेटा काढून देणाऱ्याकडे नेतो, पैसे माझे. तर म्हणे बदललेला पार्ट कंपनीला परत जातो, ग्राहकाला देता येत नाही. कधी गेला? ‘सर, तो गेला.’ कुठे गेला? हेड ऑफिसला मेल करा. हेड ऑफिसचं उत्तर आलं ते जॉबशीटच्या मागच्या बाजूची ओळ उचलून: डेटाची जबाबदारी ग्राहकाची. ती बारीक ओळ खरंच तिथे होती. पुढच्या बाजूवर लिहायला मात्र कुणी तयार नव्हतं.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग आहे सांगू? त्या कॅमेऱ्याला कार्डाची खाचही होती. आतल्या मेमरीतून कार्डावर कॉपी करायची सोय त्याच्या मेनूतच होती, संगणक लागतच नव्हता. हे मला फार उशिरा, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मालकाने सांगितलं. आणि समजा तीही सोय नसती, तरी एचडीएमआयची तार टीव्हीऐवजी कॅप्चर कार्डाला (बाहेरून येणारं चित्र संगणकात रेकॉर्ड करणाऱ्या डबीला) लावून, इकडे प्ले आणि तिकडे रेकॉर्ड करत सगळा कार्यक्रम निघाला असता. थोडा दर्जा गेला असता, बस. रोज तेच कॅमेरे उघडून बसणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. पण काउंटरवरचा आणि आतला एकमेकांशी बोलत नसतात. त्यांच्यामध्ये फक्त जॉबशीट फिरतं, आणि त्यावर काय लिहायचं ते काउंटरवरचा ठरवतो.

असो. तक्रार करायची वेळ कुणावर आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात वस्तूची किंवा सेवेची दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला फी नाही. मी वकील नाही, तेव्हा पुढचं कुणा वकिलाला विचारा.

तर त्या ओळखीतल्यांचा कॅमेरा घेऊ नका, कितीही स्वस्तात देत असले तरी. आणि त्यांच्यासाठी एक निरोप: सर्व्हिस सेंटरची पायरी चढण्याआधी मेनूत कॉपीची सोय आहे का बघा, नसेल तर एचडीएमआयने काढून घ्या. कार्डावर रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यात हा प्रश्न उद्भवतच नाही. कॅमेरा पार मेला तरी कार्ड काढून खिशात टाकता येतं, आणि दुरुस्तीला कार्ड न घालता कॅमेरा देता येतो.

दिरांच्या कॅमेऱ्याबद्दल जपून लिहितो, घरगुती मामला आहे. अमेरिकेतली वॉरंटी इथे सहसा चालत नाही, हे एक. त्याहून त्रासाचं म्हणजे तिकडे विकले जाणारे कॅमकॉर्डर बहुतेक सेकंदाला ६० किंवा ३० फ्रेमवर बांधलेले असतात, आपल्याकडचे ५० किंवा २५ वर. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. साठचा कॅमेरा तिच्याशी ताल धरू शकत नाही आणि हॉलच्या भिंती थरथरल्यासारख्या दिसतात. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम टिपायचा वेळ, १/१०० सेकंदावर ठेवता आलं तर हे बरंच आटोक्यात येतं, पण स्वस्त हँडीकॅमवर शटर आपल्या हातात नसतं. दिरांना त्याच पैशात मायक्रोफोन आणायला सांगा. तो कुठल्याही देशात सारखाच चालतो.

मग घ्यायचं काय? माझं मत, आणि हे निव्वळ मत आहे: कार्डावर रेकॉर्ड करणारा, मायक्रोफोनचं भोक असलेला, भारतातच विकला गेलेला सेकंडहँड हँडीकॅम. मायक्रोफोनच्या भोकावर मी अडून बसेन, कारण तुम्हाला भजन रेकॉर्ड करायचंय. सोनीचा एचडीआर-सीएक्स४०५ लोक डोळे मिटून सुचवतात. ३० पट ऑप्टिकल, म्हणजे भिंगाचा खरा झूम आहे, चित्र छान आहे, पण बाहेरचा मायक्रोफोन लावायची सोयच नाही. कॅननचा लेग्रिया एचएफ आर८०६ किंवा पॅनासोनिकचा एचसी-व्ही७८५ या दोघांना ती आहे, आणि दोघेही कार्डावरच रेकॉर्ड करतात. मुंबईत असाल तर कॅमेऱ्यांसाठी फोर्टच्या बोरा बाजारात चक्कर मारा. सोनीचा फार जुना तुकडा कुणी दाखवला तर आधी खाच बघा. २०१० च्या आधीचे त्यांचे कॅमेरे मेमरी स्टिक, म्हणजे सोनीचं वेगळ्या आकाराचं कार्ड मागतात, साधं एसडी कार्ड घेत नाहीत. ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारा दाखवला तर चहा पिऊन परत या.

दुकानात ‘एडिटिंग होतं का?’ असं विचारू नका. ‘होतं की!’ हे उत्तर ठरलेलं असतं. स्वतःचं कार्ड न्या, पाच मिनिटं रेकॉर्ड करा, ते लॅपटॉपमध्ये घालून तिथेच उघडून बघा.

ऑनलाइन दिसणारे ‘४के, ४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम’ लिहिलेले अनोळखी नावाचे स्वस्त कॅमकॉर्डर अजिबात नकोत. तो झूम डिजिटल असतो. नुसतं चित्र ताणायचं तर ते घरी लॅपटॉपवरही ताणता येतं.

मिस्टरांचं ‘मोबाइल पुरे’ हे म्हणणं तुम्ही उडवून लावलंय, पण गणपतीसाठी आणि घरात खरंच पुरे. नाचाला मात्र मागच्या रांगेतून झूम लागतो. दुसरं म्हणजे बरेच मोबाइल फ्रेमची गती आपापली कमी-जास्त करत राहतात, आणि एडिटिंगमध्ये आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडायला लागतो. तसं झालं तर आधी हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून एकसारख्या फ्रेमगतीत रूपांतर करून घ्या. आणि कुणी फोटोचा डीएसएलआर गळ्यात मारला तर विचारा, सलग किती वेळ चालतो? पुष्कळ स्टिल कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबायचे, कारण अर्ध्या तासापुढे रेकॉर्ड करणाऱ्यावर युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याची जकात बसायची. एखादं वर्णम (भरतनाट्यममधली मोठी रचना) अर्ध्या तासाच्या पुढे सहज जातं. ऐन जतीच्या, म्हणजे पदन्यासाच्या वेळी कॅमेरा बंद पडला तर मुलगी काय म्हणेल ते मी सांगायला नको.

लॅपटॉपचं थोडं. एव्हीसीएचडी हा बऱ्याच हँडीकॅमचा फाइल प्रकार. त्या फाइलीत प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम आणि पुढे फक्त काय बदललं त्याची नोंद. म्हणून फाइल लहान होते, पण मागेपुढे सरकवताना ८ जीबीचं मशीन अडखळतं. एडिटिंगला शॉटकट किंवा केडेनलाइव्ह ही सॉफ्टवेअर वापरा, दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींत प्रॉक्सीची सोय आहे: कापाकापी हलक्या प्रतीवर, शेवटचा व्हिडिओ मूळ फाइलींवरून. दाविंची रिझॉल्व्ह हे तसलंच सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण ८ जीबीवर तुमचा आणि लॅपटॉपचा दोघांचाही अंत बघेल. कार्डावरून घेताना नुसत्या एमटीएस (व्हिडिओच्या) फाइली उचलू नका, ‘प्रायव्हेट’ नावाचा अख्खा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा. लांब रेकॉर्डिंगचे कॅमेरा आपोआप तुकडे करतो, आणि ते कुठे कसे जोडायचे याची माहिती त्याच फोल्डरमध्ये असते. जागेचा अंदाज: सेकंदाला ५० मेगाबिटवर रेकॉर्ड केलं तर तासाला साधारण २२ जीबी. तेव्हा २५ हजारांतले थोडे बाहेरच्या डिस्कसाठी राखून ठेवा, सगळे कॅमेऱ्यात घालू नका. कार्डही पक्क्या दुकानातून बिलासकट घ्या. ६४ जीबी छापलेलं आणि आत ८ जीबीच असलेलं कार्ड बाजारात सर्रास मिळतं, आणि ते भरेपर्यंत काही कळत नाही. घेतल्यावर एच२टेस्टडब्ल्यू हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर चालवून पूर्ण भरून बघा.

भजनाचा आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट घ्यायचा मोह होईल. मिक्सरचा लाइन आउट मायक्रोफोनच्या भोकात सरळ खुपसला तर टाळांच्या जागी नुसता खरखराट येतो. मध्ये पातळी कमी करणारी तार लागते. त्यापेक्षा एक मोबाइल पेटीजवळ रेकॉर्डिंगला ठेवून द्या आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, नंतर दोन्ही आवाज त्या टाळीवर जुळवता येतात.

आणि नाचाच्या दिवशी कॅमेऱ्यात स्पॉटलाइट नावाचा मोड असेल तर तो लावा. नाहीतर स्टेजवरचा काळोख बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि मुलीचा चेहरा पांढराफटक येतो, तो नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही.

मॉडेल ठरलं की पैसे देण्याआधी इथे नंबर टाका, मायक्रोफोन आणि कार्डाचं मी बघून सांगतो. लॅपटॉपचा प्रोसेसरही लिहा, ते पोस्टमध्ये राहिलंय.