क्वार्ट्झ मशीनची तुलना करताना नेमकं काय मोजावं?

तुमचा प्रश्न असा: पंधरा-वीस जुनी-नवी क्वार्ट्झ मशीन (सेलवरच्या मनगटी घड्याळांच्या आतल्या यंत्रणा) जमली आहेत, त्यातलं सरस कोणतं हे महिन्याला किती सेकंद चुकतं यावरून ठरवता येईल का? एवढ्यावरून नाही. यांत्रिक घड्याळात तेल वाळलं की वेळ बिघडते, म्हणून वेळेवरून तब्येत कळते. क्वार्ट्झमध्ये वेळ ठरवतो स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, सर्किट तो आकडा पंधरा वेळा निम्मा करून सेकंदाला एक ठोका काढतं आणि त्या ठोक्यावर मोटरचा रोटर अर्धा फेरा फिरतो. चाकांत मळ साचला तरी स्फटिकाला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे बंद पडायच्या बेतात आलेलं मशीनसुद्धा टेस्टरवर (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) बिनचूक दिसू शकतं. म्हणून मी तब्येत आणि वेळ हे दोन वेगळे रकाने ठेवायला सांगेन.

आधी तब्येत. सेल काढून कॉइलचा, म्हणजे रोटर फिरवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा, रोध मोजा. बहुतेक काट्यांच्या मशीनमध्ये तो एक ते तीन किलोओमच्या आसपास येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. ही तार केसापेक्षा बारीक असते, त्यामुळे मीटरची टोकं कॉइलच्या पट्टीवरच्या टाक्यांवरच टेकवा. सेलचा स्क्रू फिरवताना पेचकस निसटून कॉइलवर जाणं हे चांगली मशीन मरण्याचं एक मोठं कारण आहे.

मग वीज किती खातं ते पाहा. ताज्या १.५५ व्होल्टच्या सिल्व्हर ऑक्साइड सेलशी १० किलोओमचा रेझिस्टर एकसरीत जोडा आणि त्या रेझिस्टरला समांतर १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा. कपॅसिटर नसेल तर ठोक्यागणिक आकडा नाचत राहतो. दोन मिनिटं थांबून रेझिस्टरवरचा विजेचा दाब (व्होल्टेज) वाचा: १० मिलिव्होल्ट म्हणजे एक मायक्रोॲम्पियर. चावी ओढून पुन्हा मोजा. काटा थांबल्यावर उरतो तो एकट्या सर्किटचा खर्च. तोच जास्त असेल तर दोष चाकांत नाही, सर्किटमध्ये किंवा त्यावर पसरलेल्या ओलाव्यात आहे.

इथे फसायला होतं ते असं. नंतरच्या पुष्कळ मशीनमध्ये सर्किट आधी हलका ठोका देतं आणि रोटर फिरला नाही तर जोराचा. अशा मशीनमध्ये तेल घट्ट झालं की खर्च वाढतो आणि रोग लगेच दिसतो. जुन्या मशीनमध्ये ठोका ठरावीकच असतो, त्यामुळे मळकट मशीनही तेवढीच वीज खातं. त्यांच्यासाठी दाब कमी करत जाण्याची चाचणी हवी. दाब कमी-जास्त करता येणाऱ्या वीजपुरवठ्यावर १.५५ पासून ०.०५ व्होल्टच्या पायऱ्यांनी खाली या आणि प्रत्येक पायरीवर पूर्ण मिनिटभर पाहा. निरोगी मशीन साधारणपणे १.३ व्होल्टच्या खालीही चालतं. १.४५ लाच अडखळत असेल तर ते उघडून धुवायला हवं. वाटेत काटा एकदम दोन किंवा चार सेकंद उडी मारू लागला तर तो बिघाड नाही, सेल संपत आल्याची मुद्दाम ठेवलेली खूण आहे.

आता वेळ. जुन्या मशीनवर छोटा फिरता ट्रिमर (चाल जलद-मंद करायचा स्क्रू) दिसतो. नव्यांत स्फटिक मुद्दाम किंचित जलद ठेवतात आणि सर्किट ठरावीक काळाने काही कंपनं गाळतं, बऱ्याच स्विस मशीनमध्ये ६० सेकंदांनी. म्हणून टेस्टरवर दोन-चार सेकंदांचं मोजमाप घेतलंत तर मशीन उगाच जलद दिसेल. ६० सेकंदांचंच घ्या.

तापमान सगळ्यांना सारखं हवं. नेहमीचा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत जलद चालतो. त्याच्या दोन्ही बाजूंना तो मंदावतो: दहा अंशांच्या फरकाने दिवसाला साधारण ०.३ सेकंद आणि वीस अंशांनी सव्वा सेकंदाच्या जवळपास. एक मशीन मनगटावर आणि दुसरं कपाटात ठेवून केलेली तुलना निरर्थक आहे. सगळी एकाच डब्यात तीस दिवस ठेवा.

तापमानाची भरपाई करणारी किंवा उच्च कंपनांची मशीन, उदाहरणार्थ ग्रँड सेकोचं ९एफ (वर्षाला ±१० सेकंद) किंवा सिटिझनचं ०१००, ज्याचा स्फटिक ८३,८८,६०८ कंपनांचा आहे, वेगळ्या गटात लिहा. १९६९ च्या सेको ॲस्ट्रॉनमध्ये ८,१९२ कंपनांचा स्फटिक होता आणि तेव्हा महिन्याला ±५ सेकंद ही मोठीच मजल होती. त्याला आजच्या मापाने जोखणं मला अन्यायाचं वाटतं.

ॲक्युट्रॉन (स्फटिकाऐवजी कंप पावणाऱ्या धातूच्या चिमट्यावर, म्हणजे ट्यूनिंग फोर्कवर, चालणारं जुनं विजेचं घड्याळ) मिळालं तर वर लिहिलेला १.५५ व्होल्टचा सेल त्यात सरळ घालू नका. त्याचा ३६० कंपनांचा चिमटा १.३५ व्होल्टच्या पारा-सेलसाठी बनवलेला आहे. दाब वाढला की चिमट्याचा झोका वाढतो, चाकाचे दोन-दोन दात एकदम ओढले जाऊ शकतात आणि घड्याळ भरधाव सुटू शकतं. दाब उतरवणारा डायोड असलेलं सेलचं घर वापरा. ३०० दातांच्या त्या इवल्या चाकाला काहीही टेकवू नका, कापसाचं टोकही नाही.

क्वार्ट्झ मशीन हाताळायला पितळी किंवा प्लास्टिकचा पकडायचा चिमटा घ्या, कारण रोटर हा चुंबक आहे आणि लोखंडाचा कण त्याला चिकटला की मशीन अडतं. चुंबकत्व काढायच्या यंत्रावर अख्खं मशीन ठेवू नका, रोटरच कमजोर होईल. साठवताना सेल काढूनच ठेवा. अल्कलाइन सेल तर चाचणीपुरताही नको, तो लवकर पाझरतो. पाझरलेलं दिसलं तर व्हिनेगरमध्ये अगदी थोडा भिजवलेला बोळा फिरवा, मग डिस्टिल्ड पाणी आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, पण कॉइलपासून लांब.