‘गुणवत्ताशाही’: कौतुक की टोमणा?

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: ‘डिस्टोपियन, म्हणजे भयाण भविष्य रंगवणाऱ्या, कादंबऱ्यांतली विषमता आणि आजच्या समाजातली विषमता यांची तुलना करणारा लेख लिहिते आहे. ‘मेरिटॉक्रसी’ला, म्हणजे गुणवत्तेवर स्थान ठरवणाऱ्या व्यवस्थेला, ‘गुणवत्ताशाही’ म्हणू का? मैत्रीण म्हणते, ‘शाही’ला हुकूमशाहीचा वास येतो, त्यापेक्षा ‘गुणतंत्र’ बरं. मला शब्द चांगल्या अर्थाने हवा आहे. कादंबऱ्यांत जन्मावरून पायरी ठरते, आपल्याकडे निदान हुशारीवर वर येता येतं, असा मुद्दा आहे.’

‘गुणवत्ताशाही’च ठेवा, आणि तो वास येतो म्हणूनच ठेवा. मात्र मग मुद्दा बदलावा लागेल, कारण ज्या शब्दाने तुम्ही त्या कादंबऱ्यांना उत्तर देऊ पाहताय, तोच अशा एका पुस्तकातून प्रचारात आला आहे.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांचं ‘द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी’ १९५८ साली आलं. त्याआधी एक-दोन वर्षं हा शब्द तिथल्या एका समाजवादी नियतकालिकात, तोही नापसंतीनेच, येऊन गेला होता. पण सर्वतोमुखी केला तो यंग यांनी. पुस्तक म्हणजे २०३४ साली लिहिलेला प्रबंध असल्याचं सोंग आहे. त्या इंग्लंडमध्ये बाप कोण हे कुणी विचारत नाही. सूत्र एकच: बुद्ध्यांक अधिक प्रयत्न बरोबर गुणवत्ता. त्यावर शाळा, नोकरी, पगार, सगळं ठरतं. निवेदक या व्यवस्थेचा भक्त आहे. खालच्या लोकांची कुरबुर फार टिकणार नाही, अशी तो शेवटपर्यंत ग्वाही देतो. मग प्रकाशकाची तळटीप येते: लेखक दंगलीत मारला गेल्यामुळे त्याला मुद्रितं तपासता आली नाहीत. सबंध पुस्तकातला सगळ्यात झोंबणारा विनोद असा तळटिपेत बसवलेला!

यंग कुणी बाहेरून खडे मारणारे नव्हते. मजूर पक्षाचा १९४५ चा जाहीरनामा त्यांनीच लिहिला होता. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांना वेगवेगळ्या शाळांत वाटून टाकणारी ब्रिटिश पद्धत त्यांच्या डोळ्यांसमोर होती. सरंजामी व्यवस्थेत खालच्या माणसाला निदान म्हणता यायचं, ‘माझं नशीब फुटकं, मी नाही.’ इथे तीही पळवाट बंद. परीक्षा दिलीस, नापास झालास, म्हणजे तुझी लायकीच तेवढी! ‘लायकी’ हा मराठी शब्द इथे किती चपखल बसतो पाहा. तो आपण बहुतेक वेळा दुसऱ्याची काढण्यासाठीच वापरतो.

पुढे इंग्रजीत या शब्दाचं व्हायचं तेच झालं. टोमणा झिजून कौतुक उरलं. टोनी ब्लेअर पंतप्रधान असताना तो भाषणांतून अभिमानाने वापरू लागले, तेव्हा २००१ मध्ये वैतागलेल्या यंग यांना वर्तमानपत्रात लिहावं लागलं की बाबांनो, ते उपरोधाने लिहिलेलं पुस्तक होतं. पुढच्याच वर्षी ते वारले. शब्द मात्र ‘चांगला’ होऊन बसला.

मराठीत तो इतका सहज गुळगुळीत होणार नाही, आणि त्याचं श्रेय ‘शाही’ला. हुकूमशाही, झुंडशाही, घराणेशाही, नोकरशाही, बेबंदशाही: यांतल्या एकाने तरी आपण कुणाची पाठ थोपटतो का? लोकशाही हा मानाचा अपवाद. शिवशाही म्हणाल, तर तिथे शाही म्हणजे राजवट, आदिलशाही-निजामशाहीच्या मापाची. संस्कृत ‘गुणवत्ता’ला फारसी ‘शाही’ जोडल्याची तक्रार कुणी केलीच, तर सांगा की मूळ शब्दही लॅटिन आणि ग्रीकच्या भेसळीतूनच झालाय. यंग यांनाही तेव्हा ‘लोक हसतील’ असं बजावण्यात आलं होतं.

मला विचाराल तर ‘गुणशाही’ आणखी नेमका. गुण म्हणजे सद्गुण आणि गुण म्हणजे परीक्षेतले मार्कही. या दोन्हींची गल्लत हाच तर यंग यांच्या पुस्तकाचा विषय. आपल्या घराघरात ती रोज होते: ‘गुणी मुलगा’ म्हणजे ९५ टक्केवाला. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातल्या आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दिलेल्या निकालातही म्हटलं आहे की गुणवत्ता म्हणजे केवळ स्पर्धा परीक्षेतली कामगिरी नव्हे. पण ‘गुणशाही’ अजून कुणी ओळखत नाही, तेव्हा हट्ट नाही.

‘कादंबऱ्यांत जन्मावरून पायरी ठरते’ या वाक्याकडेही पुन्हा पाहा. ऑल्डस हक्सलींच्या १९३२ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीत अल्फा ते एप्सिलॉन हे थर बाटल्यांमध्ये गर्भावस्थेतच घडवले जातात, हे खरं. पण तेवढ्याने भागत नाही. झोपेत मुलांच्या कानी घातलं जातं की बीटा असणं छान, अल्फांना काम फार, आणि डेल्टांशी तर खेळायचंच नाही. प्रत्येकाला खाली बघायला कुणीतरी हवं. मराठी वाचकाला इथे डॉ. आंबेडकरांची ‘श्रेणीबद्ध विषमता’ आठवल्यावाचून राहणार नाही. हक्सलींनी या थरांसाठी इंग्रजीतला जातवाचक शब्दच वापरला आहे. तेव्हा ‘तिकडे जन्म, इकडे हुशारी’ अशी वाटणी करताना जरा जपून.

यावरून आठवलं, लेखात ‘असमानता’ आणि ‘विषमता’ दोन्ही येतात. आकडेवारीत कोणताही चालेल, उत्पन्नाबाबत दोन्ही रूढ आहेत. पण माणसामाणसांतल्या उच्चनीचतेबद्दल बोलताना ‘विषमता’ घ्या. तो ‘वि’ आणि ‘सम’ मिळून झालेला आहे, त्यात ‘विष’ नाही. कानाला ते ऐकू येतं, ही वेगळी गोष्ट.

आणि चांगल्याच अर्थाने काही म्हणायचं असेल, तर नवा शब्द कशाला? ‘गुणांची कदर’ हा प्रयोग आपल्याकडे आहेच. कदर करायला राज्य करावं लागत नाही.